मामा-मामीबरोबर अजिंठ्याला

असोदा हे आमचे गाव. जळगावापासून पाच-सहा किलोमीटरांवर आहे. काळी जमीन, कापूस, केळी आणि भरताची वांगी, असा आमचा संसार. गाव तसे साधेच. पण एका माहेरवाशिणीने त्याचे नाव साऱ्या महाराष्ट्रात नेले. कवयित्री बहिणाबाई चौधरी १८८० साली याच गावी जन्मल्या. त्या शाळेत कधी गेल्या नाहीत. लिहिणे-वाचणे त्यांना आले नाही. शेतात, जात्यावर, चुलीपुढे त्यांच्या तोंडून गाणी निघत. ती घरच्या माणसांनी उतरवून ठेवली. १९५१ साली त्या वारल्या आणि १९५२ साली त्यांच्या गाण्यांचे पुस्तक निघाले. तुम्ही हा पाठ वाचता आहात, म्हणजे बहिणाबाईंना जे आले नव्हते ते तुम्हांला आले. गाणी करणे जमेल की नाही ते सोडा, पण वाचणे तर आले!

माहेर म्हटले की मामा आलाच. लेक माहेरी येते ती एकटी येत नाही. कडेवर नाही तर बोटाशी एखादे पोर असते. आईचे ते माहेर, पण पोराचा तो मामाचा गाव. मामाने लाड करायचे, मामीने खाऊ घालायचे, अशी आपल्याकडे जुनी रीत आहे. आजचा पाठ अशाच एका मामा-मामीचा आणि त्यांच्या भाच्याचा आहे.

हे मामा-मामी आमच्याच आळीत राहतात. त्यांची नावे मी सांगत नाही. गाव लहान आहे, आणि नावाशिवाय काही अडतही नाही. मामा ट्रॅक्टर आणि पाण्याची इंजिने दुरुस्त करतात. मामी शिवणयंत्रावर झबली, पोलके, गाद्यांची खोळ, जे येईल ते शिवतात. लग्नाला चौदा वर्षे झाली. घरात मामांचे म्हातारे वडील आहेत. मूल नाही.

आता 'मूल नाही' एवढे दोन शब्द ऐकले की आपल्याकडे माणसे लगेच वैद्य होतात. कोणी म्हणतो नवस बोला, कोणी म्हणतो अमक्या बाबाचा अंगारा घ्या. दोष बाईचाच, हे तर विचारायच्या आधीच ठरलेले असते. ही समजूत चूक आहे. मूल न होण्याचे कारण बाईच्या शरीरात असू शकते तसे पुरुषाच्याही शरीरात असू शकते. म्हणून डॉक्टर दोघांनाही तपासतात. 'वांझ' हा शब्द आपण जमिनीला लावतो, गाईला लावतो आणि बाईलाही लावतो. पुरुषाला लावायला असा रोजचा शब्द आपल्या बोलीत नाही. का नाही, याचा विचार ज्याने त्याने करावा.

या जोडप्याची गोष्ट मात्र निराळीच. त्यांनी मूल नको असे ठरवले. दोघांनी मिळून ठरवले. मामी घरात थोरल्या. पाठीवर चार भावंडे. आई मजुरीला जाई, म्हणून तिसरीतून यांचे नाव काढले आणि धाकटे पोर यांच्या कडेवर दिले. ते खाली उतरले की पुढचे. मामी म्हणतात, "गुरुजी, मी माझ्या वाटची पोरं लग्नाआधीच वाढवली." अक्षरे त्या पुढे मोठेपणी आमच्या रात्रीच्या वर्गात शिकल्या. मामांना ही हकीगत लग्नाच्या वेळी ठाऊक होती. ते म्हणाले, तुझे मन नाही तर नको. एवढ्यावर तो विषय त्यांच्या घरात संपला. गावात काही संपला नाही.

अशी माणसे आजच निघाली असे कोणी समजू नये. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. त्यांचे थोरले चिरंजीव रघुनाथराव कर्वे. ते १८८२ साली जन्मले आणि १९५३ साली वारले. संततिनियमनाचे, म्हणजे मुले किती आणि केव्हा व्हावीत हे आपण ठरविण्याचे, काम त्यांनी मुंबईत १९२१ साली सुरू केले. त्या काळी हा विषय तोंडातून काढणेही पाप वाटे. १९२७ पासून मरेपर्यंत त्यांनी 'समाजस्वास्थ्य' नावाचे मासिक चालविले. रघुनाथराव आणि त्यांच्या पत्नी मालतीबाई यांनी स्वतःला मूल होऊ दिले नाही, तेही ठरवूनच. सरकारचा कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम आला तो नंतर, १९५२ साली.

दुसरे उदाहरण जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांचे. त्यांना पोटचे मूल नव्हते. पण एका विधवा बाईचे मूल त्यांनी आपले मानले. त्याचे नाव यशवंत. तो पुढे डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगात तो रोग्यांची सेवा करीत होता आणि सावित्रीबाई त्याच्याबरोबर होत्या. त्याच साथीत त्या गेल्या. त्यांच्या घराला कोणी रिकामे घर म्हणेल काय?

असो. थोर माणसांच्या गोष्टी सांगू लागलो की मला थांबता येत नाही. आपण आपल्या आळीत परत येऊ.

गेल्या दिवाळीला मामांची बहीण भाऊबिजेसाठी आली. बरोबर सात वर्षांचा मुलगा. दुसरीत आहे. तो आला की मामींचे शिवणयंत्र निम्मा वेळ बंद असते, कारण त्याचा पाय त्या यंत्राच्या पायटीवर असतो. मामा त्याला 'भाचेबुवा' म्हणतात. ओवाळणी झाली आणि जेवताना मामा म्हणाले, "भाचेबुवांना परवा अजिंठ्याला नेतो. आम्ही दोघं आणि तो. ताई, तू घरीच राहा."

बहीण म्हणाली, "मी कशाला नको?"

"तू सात वर्षांत एक दिवस तरी बसलीस का?" मामींनी विचारले.

बहीण गप्प झाली. शेजारच्या एक वृद्ध बाई तिथे बसल्या होत्या. त्या गप्प झाल्या नाहीत. मामी पाणी आणायला आत गेल्या तेव्हा त्या हळूच बहिणीला म्हणाल्या, "ज्या बाईचं लेकरू नाही, तिच्यासंगं कोवळं पोर दिवसभर पाठवू नाही, माय. नजर असते." आणि हे पुरे झाले नाही म्हणून वर पुस्ती जोडली, "मामा-भाच्यानं एका नावेत बसू नाही म्हणतात. नाव काय न बस काय!"

स्वयंपाकघर आणि ओसरी यांच्यामध्ये आमच्याकडे एक पातळ भिंत असते. मामींनी सगळे ऐकले. त्या पाणी घेऊन बाहेर आल्या, तांब्या ठेवला आणि बोलल्या नाहीत. बहिणीने मात्र तिथल्या तिथे सांगितले, "वहिनी, सकाळी त्याला किती वाजता उठवू?" शेजारच्या बाईंना जे उत्तर मिळायचे ते मिळाले.

दुसऱ्याचे मूल घेऊन जायचे म्हणजे नुसती हौस पुरत नाही. मामींनी आधी त्याच्या आईला विचारून घेतले : गाडी लागते का, काय खात नाही, रात्री काय औषध घेतो, घाबरला म्हणजे काय करतो. "घाबरला म्हणजे बोलत नाही, नुसता उभा राहतो," आई म्हणाली. मग मामींनी वहीतले एक पान फाडले आणि स्वतःच्या हाताने लिहिले : 'मी असोद्याचा. मामा-मामीबरोबर आलो आहे.' खाली पोराचे नाव आणि मामांचा फोन नंबर. नंबर दोनदा वाचून पाहिला. चिठ्ठी घडी करून सदऱ्याच्या खिशात घातली आणि खिशाला सेफ्टी पिन लावली. "चुकलास तर पळायचं नाही. जिथं आहेस तिथंच उभं राहायचं. आम्ही येतो," हे तीन वेळा म्हणवून घेतले. मूल बरोबर नेणाऱ्याने ही युक्ती ध्यानात ठेवावी. तिला खर्च एका कागदाचा.

शिदोरीला दुधात भिजविलेल्या कणकेच्या दशम्या केल्या. त्या दोन दिवस टिकतात. शेंगदाण्याची चटणी, लोणचे, आणि एक फणी केळी. पाण्याच्या दोन बाटल्या.

पहाटे रिक्षाने जळगावच्या बसस्थानकावर आले. तिथून छत्रपती संभाजीनगरकडे जाणारी एस.टी. पकडली. ती नेरी, पहूर या गावांवरून फर्दापूरकडे जाते. जळगावाहून लेणी साठेक किलोमीटर आहेत. कंडक्टर आला तेव्हा भाच्याने विचारले, "माझं तिकीट निम्मं काबरं?" आता हा हिशेब तुम्हीही करून पाहा. पाच ते बारा वर्षांच्या मुलाला एस.टी.त अर्धे तिकीट. मार्च २०२३ पासून बायकांनाही अर्धे तिकीट. पुरुषाला पूर्ण. समजा, पूर्ण तिकीट शंभर रुपयांचे आहे. मग मामांचे शंभर, मामींचे पन्नास, भाच्याचे पन्नास. एकूण दोनशे. तीन माणसे गेली आणि दोन तिकिटांचे पैसे पडले. भाच्याने बोटे मोजली आणि जाहीर केले, "म्हणजे मी आणि मामी मिळून एक मामा!" सगळी बस हसली.

लेण्यांच्या फाट्यावर उतरावे लागते. पुढचे चारेक किलोमीटर लेण्यांच्या खास बसने जायचे. इतर गाड्या वर सोडीत नाहीत, म्हणजे धुराने चित्रे खराब होत नाहीत. दारावर तिकीट घ्यायचे. पंधरा वर्षांखालील मुलांना तिकीट नाही. आणखी एक लक्षात ठेवा. सोमवारी लेणी बंद असतात. मागे एकदा आमच्या गावची दोन बिऱ्हाडे सोमवारी जाऊन, कुलूप पाहून परत आली होती. पाटी तिथे होतीच. पण पाटी घरी बसून कशी वाचणार?

वाघोरा नावाची लहानशी नदी तिथे घोड्याच्या नालासारखे वळण घेते. त्या वळणाच्या उभ्या कड्यात सुमारे तीस लेणी कोरलेली आहेत. सगळ्यांत जुनी दोन हजार वर्षांहून अधिक जुनी. बाकीची बरीचशी पाचव्या शतकातली, वाकाटक राजांच्या काळची. त्या काळी बौद्ध भिक्षू पावसाळ्यात फिरत नसत, एका जागी राहत. त्यांच्या राहण्यासाठी आणि पूजेसाठी ही लेणी झाली. नुसत्या छिन्नी-हातोड्याने काळा खडक फोडून एवढी दालने काढली. पुढे लोक ती विसरले, रान माजले. १८१९ साली जॉन स्मिथ नावाचा एक इंग्रज लष्करी अधिकारी वाघाच्या शिकारीला आला असता त्याच्या दृष्टीस ती पडली. त्याने दहाव्या लेण्यातील खांबावर आपले नाव आणि तारीख खरवडून ठेवली. ते नाव आज फार उंचावर दिसते, कारण तेव्हा लेण्यात माती-दगडांचा ढीग साचलेला होता आणि साहेब त्या ढिगावर उभा होता. लिहिता आले म्हणजे कुठेही लिहावे असे नाही. साहेबालाही हे कोणी सांगितले नव्हते असे दिसते.

पायऱ्या पुष्कळ आहेत. म्हाताऱ्या माणसांना खुर्चीत बसवून नेणारे डोलीवाले तिथे असतात. भाच्याला डोलीत बसायचे होते. मामांनी त्याला खांद्यावर घेतले आणि विचारले, "ही डोली चालेल का?" चालली. पंधरावीस पायऱ्यांनंतर डोलीला दम लागला, तेव्हा भाचेबुवा खाली उतरले.

पहिल्या लेण्यात एक खांब आहे. त्यावर चार हरणे कोरलेली आहेत, पण डोके एकच. एका बाजूने पाहिले तर ते डोके बसलेल्या हरणाचे, दुसऱ्या बाजूने पाहिले तर दुसऱ्याचे. भाचा त्या खांबापुढून हालेना. याचे डोके, नाही, त्याचे डोके, असे त्याचे भांडण चालले. मामा म्हणाले की साहेब लोक हातात कमळ घेतलेल्या बोधिसत्त्वाचे मोठे चित्र बघायला परदेशातून येतात, आणि आमच्या पाहुण्याने त्याकडे पाठ केली.

मामी निराळेच पाहत होत्या. एके ठिकाणी रंग उडून आतला गिलावा उघडा पडला होता. त्यांनी मामांना हाक मारली, "अहो, हा तर आपला गारा!" आणि ते खरेच आहे. खडकावर मातीचा लेप दिला आहे. त्यात भाताचा तूस आणि गवताचे धागे कालविलेले आहेत, भेगा पडू नयेत म्हणून. आपण कुडाच्या भिंतीला भुसा घातलेली माती लावतो तीच रीत. त्यावर बारीक लेप, वर चुन्याचा पातळ हात, आणि त्यावर रंग. पिवळा, तांबडा, हिरवा हे रंग माती-दगडांतूनच काढलेले. निळा मात्र दूरच्या देशातून आणलेल्या दगडाचा. दीड हजार वर्षे ही माती भिंतीला धरून आहे. आपली ओसरी दर वर्षी सारवावी लागते, असे मामींनी नंतर मला मुद्दाम सांगितले.

सतरावे लेणे चित्रांनी भरलेले आहे. चित्रे नाजूक म्हणून आत माणसे थोडी थोडी सोडतात, आणि जोडे बाहेर काढावे लागतात. दिवाळीची सुटी, त्यामुळे गर्दी खूप. मामा बुटाची नाडी सोडीत होते, मामी पिशवी सांभाळीत होत्या. एवढ्यात एक मोठे बिऱ्हाड, पंधरावीस माणसे, आत सोडली. त्यात पोरेही होती. भाचा अनवाणी होताच. तो त्या पोरांबरोबर आत गेला. मामांनी मान वर केली तेव्हा तो तिथे नव्हता.

मामी मला म्हणाल्या, "गुरुजी, मी लहानपणी भावंडं हरवली होती, शेतात, बाजारात. तेव्हा आईचा मार खाईन ही भीती होती. या वेळी भीती निराळी होती. पोरगं सापडेल ते मला माहीत होतं. पण ताईला काय सांगू? आणि शेजारची माय काय म्हणेल?" हे त्यांनी लपवले नाही. मला ते प्रामाणिकपणाचे वाटले. ज्या बाईचे स्वतःचे मूल गर्दीत चुकते, तिला लोक 'असं होतं कधी कधी' म्हणतात. हिला तसे कोणी म्हणणार नव्हते.

मामांचा फोन हातात होता. पण त्या दरीत फोनला आवाज पोचेना. आत, अंधारात, भाचा शिकविल्याप्रमाणे जिथे होता तिथेच उभा राहिला. न बोलता. ते मोठे बिऱ्हाड पुढे गेले आणि हा एकटाच खांबाशी राहिला. तिथल्या रखवालदाराने पाहिले. नाव विचारले, तर हा खिशाकडे बोट दाखवतो! रखवालदाराने पिन काढली, विजेरीच्या उजेडात चिठ्ठी वाचली. फोन लागेना, तेव्हा तो दाराशी आला आणि मोठ्याने ओरडला, "असोद्याचे मामा-मामी कोण आहेत? असोद्याचे मामा-मामी!"

दारापुढच्या साऱ्या रांगेने ऐकले. मामी जोड्यासकट आत धावल्या आणि रखवालदाराने त्यांना आधी जोडे काढायला लावले. नियम तो नियम.

"तुमचा मुलगा का?" त्याने विचारले.

"भाचा आहे," मामी म्हणाल्या.

"चिठ्ठी कोणी लिहिली?"

"मी."

"बरं केलं," तो म्हणाला, आणि पुढच्या माणसांना आत सोडू लागला.

मुलाला कोणी रागावले नाही. हे मला विशेष वाटते. मामांनी एवढेच विचारले, "उभा राहिलास ना?" तो म्हणाला, "राहिलो." मग तिघांनी मिळून ते लेणे सावकाश पाहिले.

त्या भिंतीवर जातककथा आहेत. जातककथा म्हणजे बुद्धाच्या आधीच्या जन्मांच्या गोष्टी. कधी तो हत्ती होता, कधी हरीण, कधी वानर. वानराची गोष्ट अशी. गंगेच्या काठी एक आंब्याचे झाड होते. त्यावर वानरांचा कळप राही. राजाचे लोक आंब्यांसाठी आले आणि त्यांनी झाडाला वेढा घातला. तेव्हा वानरांच्या राजाने नदीपलीकडे उडी घेतली, तिथे एक वेल बांधला, दुसरे टोक आपल्या कमरेला बांधले आणि परत उडी मारली. वेल थोडा अपुरा पडला. म्हणून त्याने हातांनी झाडाची फांदी धरली आणि स्वतःच पूल झाला. सारी वानरे त्याच्या पाठीवरून पलीकडे गेली. शेवटच्या वानराने जोरात उडी मारली आणि त्याची पाठ मोडली. राजाला हे पाहून लाज वाटली.

भाच्याने विचारले, "मामा, ती सगळी त्याचीच पोरं होती का?"

"नसतील. काही त्याची, काही दुसऱ्याची."

"मग दुसऱ्याच्या पोरांले काबरं जाऊ दिलं?"

"पूल कुठे विचारतो, तू कोणाचा म्हणून?"

पोराने थोडा विचार केला आणि मग मामींकडे वळून विचारले, "मामी, तुले पोरगं काबरं नाही?"

आसपास चार माणसे होती. मामी म्हणाल्या, "आम्ही ठरवलं तसं. काही जणांना हवं असतं, काही जणांना नको असतं. मला तू येतोस ते पुष्कळ आहे."

"मी तर परत जातो," भाचा म्हणाला.

"म्हणूनच तर!" मामी म्हणाल्या. मामा हसले, पण जपून. लेण्यात आवाज घुमतो.

त्याच लेण्यात आणखी एक चित्र आहे. बुद्ध भिक्षापात्र घेऊन दारी आले आहेत. फार मोठे दाखविले आहेत. पुढे त्यांची पत्नी यशोधरा आणि लहान मुलगा राहुल. आई मुलाला पुढे करते आहे. मामी या चित्रापुढे बराच वेळ उभ्या राहिल्या. मामांना वाटले, आता काही मनात आले असेल. मलाही ऐकताना तसेच वाटले. मी मामींना विचारले, तर त्या म्हणाल्या, "कापड बघत होते, गुरुजी. तिथं सगळीकडे पट्ट्या-पट्ट्यांची लुगडी काढली आहेत. पट्टा जुळवून शिवायला किती कठीण असतो! त्या काळी कसा विणत असतील?" आपण माणसाच्या मनात आपलेच काहीतरी घालून पाहतो. या वयात ही चूक मला शोभत नाही.

सव्विसाव्या लेण्यात बुद्धाची निजलेली मूर्ती आहे, सुमारे चोवीस फूट लांब. भाच्याने ती पावलांनी मोजायला घेतली. अर्ध्यात आकडा विसरला आणि पुन्हा उशाशी गेला. तीन वेळा मोजली, तीन वेळा निराळे उत्तर आले. दुपारी खाली येऊन झाडाखाली शिदोरी सोडली. तिथली वानरे फार धीट. वानरांना खाऊ घालू नये अशी पाटी होती आणि ती भाच्याने मोठ्याने वाचून दाखविली. वाचन चालू असतानाच एका वानराने त्याच्या हातातले केळे नेले. पोरगा रडेल असे वाटले. तो म्हणाला, "जाऊ द्या, तो पुलावरचा असेल."

परतीच्या बसमध्ये तो मामींच्या मांडीवर डोके आणि मामांच्या मांडीवर पाय टाकून झोपला. पहूरपासून जळगावापर्यंत दोघांचे पाय मुंगले. कोणी हालले नाही.

घरी बहीण दारात उभी होती. दिवसभरात तिने काय केले असेल? न्हाणीघरात पाणी गार होईपर्यंत अंघोळ केली. दोन गल्ल्या सोडून तिची बालमैत्रीण राहते, तिच्याकडे जाऊन दुपारभर बोलली. आणि दिवेलागणीला तासभर झोपली. एवढेच. पण ती म्हणाली, "वहिनी, माझीच सहल झाली." पोर हरवल्याची गोष्ट मामींनी स्वतः होऊन तिला सांगितली, काही न गाळता. बहिणीने चिठ्ठी मागून घेतली आणि वाचली. खिशात पिनेने टोचलेले भोक कागदालाही पडले होते. तिने ती चिठ्ठी आपल्या पाकिटात ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाचेबुवा माझ्या ओट्यावर आले. पाटीवर चार हरणे काढली होती आणि डोके एकच. "गुरुजी, सांगा, हे डोकं कोणाचं?" मी एका हरणाकडे बोट दाखविले. "चूक," तो म्हणाला. दुसऱ्याकडे दाखविले. तेही चूक. मुख्याध्यापक म्हणून तीस वर्षे प्रश्न विचारले, पण असा मला कधी सुचला नव्हता.

शेजारच्या बाई तेव्हा आमच्या नळावर पाणी भरीत होत्या. त्यांची नात पहिलीत आहे. त्यांनी घागर खाली ठेवली, मामींच्या दाराशी गेल्या, जरा वेळ इकडचे तिकडचे बोलल्या. मग म्हणाल्या, "पुढच्या वेळी जाल तेव्हा आमच्या नातीलेबी न्याल का, माय?"

मामी यंत्रावर होत्या. सुईत दोरा ओवता ओवता त्या म्हणाल्या, "नेऊ की. पण सोमवारी नको हं. सोमवारी बंद असतं."